आई-बाबा, या हिवाळ्यात दिवाडीला चला

रायबंदर, गोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता आमचं काय नवीन बघायचं राहिलंय?" ते बोलणं मनातून जाईना. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले. आईचा नवा चष्मा आला नसेल तर तिला वाचून दाखवा.

तुम्ही बघायलाच हवी अशी एक गोष्ट इथे माझ्या घरासमोर, नदीपल्याड आहे. रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरलं की भातशेतीची सपाट जमीन लागते. तिला खाजन म्हणतात. इथे मांडवीचं पाणी खारं, दिवसातून दोनदा चढणारं नि उतरणारं, आणि ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली. खरं तर तिथे खाडीच असायची. पण जुन्या लोकांनी चिखलमातीचे बांध घातले, कुठे कुठे त्यांना जांभ्या दगडाने बांधून काढलं आणि खाऱ्या पाण्याला बाहेर थोपवलं. गोव्यात अशी खाजनं सुमारे १८,००० हेक्टरांवर आहेत.

आणि बाबा, त्या बांधातलं दार! इथे त्याला मानस म्हणतात. तुम्ही कालव्यावर गेट उचलायला रात्री-अपरात्री सायकलवर जायचात, ते आठवतंय मला. मानसीच्या लाकडी फळ्यांना असं कुणी उघडायला लागत नाही. भरती आली की बाहेरचं पाणी फळ्यांना आत रेटतं आणि त्या चौकटीला घट्ट बसतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी वर राहतं, त्याच्या दाबाने फळ्या उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. ना मोटर, ना वीज. पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ओहोटी लागेपर्यंत तिथेच उभी राहिले. फळी हलली आणि पाणी वाहायला लागलं, तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

पावसाळ्यात पावसाचं गोडं पाणी जमिनीतला खारटपणा धुऊन काढतं, मग कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात लावतात. कापणी झाली की तेच शेत खाऱ्या पाण्याला मोकळं करून मासळी आणि कोळंबी घेतात. मानसीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्या पैशातून बांधाची दुरुस्ती करायची अशी गावकारीची, म्हणजे गावाची शेती सामायिकपणे सांभाळणाऱ्या गावसंस्थेची, रीत होती. १५२६ साली पोर्तुगिजांनी गावांच्या चालीरीती लिहून काढल्या, म्हणजे ही व्यवस्था त्यांच्याही आधीची. खेकडे बांधाला भोकं पाडतात, त्यातून पाणी झिरपतं, आणि वेळेवर बुजवलं नाही तर बांध फुटतो. आज बरीच खाजनं पडीक आहेत. एकदा खारं पाणी आत शिरलं की शेतात खारफुटी उगवते आणि मालक तिकडे बघायचं सोडतो. हे बघून जीव तुटतो. कालव्याची शेवटची चारी कोरडी राहिली की तुम्ही जेवताना गप्प असायचात, ते मला आता कळतं.

आई, तुझ्यासाठीही एक गंमत आहे. कोकणातले कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती साधारण सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. हिशोब ढोबळ आहे, ठिकाणानुसार वेळ पुढे-मागे होते, पण चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, तो पाऊण तास त्यात बरोबर बसलाय. तुझी तर रोजची तिथी तोंडपाठ. उद्यापासून सकाळी फोनवर भरती कधी ते तू मला सांग, मी नदीवर जाऊन ताडून बघते.

शिकायला निघालेल्यांची या मातीला सवय आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८७६ साली इथल्याच सांकवाळ गावी जन्मले. एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि तेवढ्यावर घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश करत ते बौद्ध ग्रंथांची पाली भाषा शिकले, पुढे हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथांवर काम केलं. तू विचारशील, "आणि बायको-मुलीचं काय?" तो प्रश्न मलाही पडतो. घरच्यांनी सोसलेलं कमी धरून त्यांचं मोठेपण सांगू नये असं मला वाटतं. पण गावात बसून वाचलेल्या चार पानांनी माणूस एवढा पेटून उठतो, हे मात्र मी विसरू शकत नाही.

माझं म्हणाल तर ऑफिसात दिवसभर जीएसटीची विवरणपत्रं भरते. काम चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझं मन खरं कशात रमतं, ते मला मानसीपाशी कळलं. एखादी गोष्ट का चालते, कोणाला कशी सुचली, हे शोधण्यात. सुट्टीच्या दिवशी पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाते (ती १८३२ पासूनची आहे), खाजनांवर मिळेल ते वाचते, वहीत फळ्यांची चित्रं काढते. बाबा, तुम्ही मला कालव्यावर नेऊन पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजचे आकडे वाचायला लावायचात, त्यातूनच ही आवड आली असणार. माझी चित्रं अजून कच्ची आहेत, मापं चुकतात. ती तपासायला तुम्हीच हवे आहात.

म्हणून जानेवारीत या, चांगले महिनाभर. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट मडगावला येते, मी स्टेशनवर असेन. आईच्या गुडघ्यांची काळजी करू नका, फेरीबोटीत चढायला पायऱ्या नाहीत, उतार आहे, आणि पलीकडे रिक्षाची सोय मी बघून ठेवते. बाबा, तुमची मोजपट्टी आणि खात्यातली ती जुनी वही पेटीतून काढून बरोबर घ्या. चोडणच्या बाजूला एक मानस आहे, तिची एक फळी पूर्ण मिटत नाही. कारण माझ्या लक्षात येत नाहीये, तुम्ही बघून सांगा.

तारीख कळवा म्हणजे तिकीट काढते.

तुमची,
लेक