भूत दिसणाऱ्या मुलीची गोष्ट कुलपात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून मुले अंधश्रद्धाळू होतात, असे सांगणारे पत्र आपल्या अंकात वाचले. हाच आक्षेप एका पालकांनी आमच्या शाळेत घेतला आणि कुमारवयीन वाचकांसाठीच्या अशा सगळ्या कादंबऱ्या बंद कपाटात गेल्या. मी त्या शाळेत ग्रंथपाल आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून गप्प बसवत नाही.

या कादंबऱ्यांची सुरुवात बहुधा एकच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मेलेली माणसे दिसतात, बाकी कोणाला दिसत नाहीत. आक्षेप घेणारे इथेच पुस्तक मिटतात. पुढे वाचले असते तर त्यांना कळले असते की त्या मुलीला भुतापेक्षा मोठी धास्ती असते ती हे कोणाला सांगायचे याची. आई म्हणते, झोप नीट होत नसेल. मैत्रीण हसण्यावारी नेते. वर्गात कुजबुज सुरू होते. त्या वयात ज्याच्या ओठांवर काही येऊन परत गेले असेल, त्याला ही गोष्ट समजायला भुतावर विश्वास ठेवावा लागत नाही.

नववीतल्या एका मुलीने असे एक पुस्तक लागोपाठ तीन वेळा नेले. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर तिचाच सभासद क्रमांक तीनदा पडला आहे. तिसऱ्यांदा परत करताना तिने बोट घालून एक पान उघडले आणि मला विचारले, "मॅडम, हिला भाऊ दिसतो असं ही सांगते, तेव्हा आई उठून दुसऱ्या खोलीत का जाते?" तिचा स्वतःचा भाऊ त्याच वर्षी गेला होता. आईला ऐकवत नसेल गं, एवढेच मी म्हणू शकले. ती बराच वेळ टेबलापाशी उभी होती. मग पहिल्यांदाच भावाबद्दल बोलली.

डॉ. डेवी रीस यांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून केलेला अभ्यास १९७१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळपास असल्याचे जाणवले होते. काहींना तो दिसला होता, काहींना त्याचा आवाज आला होता. आणि बहुतेकांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. मोठ्यांची ही गत, तर पोरांनी कोणाकडे जावे?

अंधश्रद्धेच्या मुद्द्याला आपल्याकडचेच उत्तर आहे. आगरकरांइतका कडवा बुद्धिवादी दुसरा दाखवता येणार नाही. त्यांनी मराठीत आणलेले 'हॅम्लेट' १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने निघाले. त्यात बापाचे भूत मुलाला आईच्या महालात दिसते आणि शेजारी उभ्या आईला काहीच दिसत नाही. मुलगा ठार वेडा झाला, असेच तिला वाटते. आगरकरांनी भूत आहे म्हणून नाटक बाजूला ठेवले नाही.

सगळी पुस्तके सारखी चांगली असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. कित्येकांत भूत म्हणजे नुसता देखणा प्रियकर; मेलेपणाचे ओझे कुठेच जाणवत नाही. उलट, इंग्रजी लेखक जोनाथन स्ट्राउड यांनी 'लॉकवुड अँड कंपनी' या कादंबरीमालिकेत (पहिला भाग २०१३) नियम बांधून घेतला आहे: भुते मुलांनाच नीट जाणवतात, वय वाढले की ती शक्ती ओसरते. म्हणून रात्री तलवार घेऊन भुतांसमोर मुले जातात आणि मोठी माणसे दारे लावून घरात बसतात. मोठ्यांबद्दल इतके रोखठोक मुलांच्या पुस्तकात क्वचितच वाचायला मिळते.

एका बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. काही कादंबऱ्यांत डॉक्टर हा खलनायक असतो. नायिका गोळ्या फेकते आणि तिचेच खरे ठरते. हे मला फार खटकते. नसलेले आवाज ऐकू येणारे मनोविकार बरेचदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतात आणि उपचार जितके लवकर, तितका फायदा अधिक. एखाद्या मुलाला खरेच आवाज येत असतील आणि पुस्तक त्याला सांगत असेल की कोणाला कळू देऊ नकोस, तर ते धोक्याचेच. पण पुस्तक कुलपात ठेवून आपणही त्याला हेच सांगतो. अशी पुस्तके मुलांबरोबर वाचावीत आणि गोळ्या फेकण्याच्या पानावर थांबून बोलावे.

आपल्या रविवार पुरवणीत पुस्तक परीक्षणांना जागा असते. महिन्यातून एकदा ती कुमारांच्या पुस्तकांना द्यावी आणि परीक्षण त्याच वयाच्या वाचकाकडून लिहून घ्यावे, ही विनंती. आमच्या शाळेपुरते मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे. उत्तर यायचे आहे. ती मुलगी ते पुस्तक चौथ्यांदा न्यायला दोनदा येऊन गेली.

आपली नम्र,
एक शालेय ग्रंथपाल