२४ तारखेचा रिपोर्ट

मिरज,
रविवार, १५ जून २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तुझं बोलणं अर्धवट असतानाच मी फोन ठेवला. चुकलंच. पण तिकडे अमेरिकेत, एचआयव्हीच्या लसीसाठी माकडांवर काम करताना तुला सुई लागली १३ मेला आणि आईला कळतं ८ जूनला, तेही ‘तिकडे पाऊस कसा आहे’च्या पाठोपाठ हसत हसत. डोकंच फिरलं माझं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, नुसती ओरडते, म्हणून हे पत्र. शेजारचा अनिकेत १८ ला निघतोय. त्याच्याबरोबर मेतकूट देतेय, त्या डब्याच्या पिशवीत हे घालते.

तू म्हणालीस, हा एचआयव्हीसारखाच, पण माकडांचा विषाणू, माणसाला सहसा काही करत नाही. हा ‘सहसा’ मी छत्तीस वर्षं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलाय. आणि एचआयव्ही तरी कुठून आला? कॅमेरूनच्या जंगलातल्या चिंपांझींकडून, हे तूच मला शिकवलंस. लागण होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस घेतल्यास ना? मळमळतं म्हणून मध्येच सोडल्या नाहीस ना? २४ तारखेला सुई लागून सहा आठवडे होतात, त्या दिवशी तपासणीला रक्त दे. झालं, आता यावर एक अक्षर लिहिणार नाही.

तुमच्या त्या माकडांची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगत असते. मूळची आपल्या उत्तरेकडची, लाल तोंडाची. १९७८ ला भारताने माकडं बाहेर पाठवणं बंद केलं, त्याआधी गेलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. बाबा म्हणतात, पोरीला परदेशात माहेरची माणसं भेटली. आफ्रिकेतल्या मँगबे माकडांच्या अंगात हाच विषाणू जन्मभर राहतो आणि त्यांचं काही बिघडत नाही, आपलीच बिचारी आजारी पडतात, हे मला फार लागलं होतं. पण मनू, १९९७ ला अमेरिकेतच माकड हलवताना काहीतरी डोळ्यात उडालं आणि बावीस वर्षांची पोर दोन महिन्यांत गेली. तो विषाणू वेगळा होता, तुमची माकडं त्यासाठी तपासलेली असतात, सगळं मान्य. पण चष्मा लावतेस ना? दोन-दोन हातमोजे?

बघ, पुन्हा तिथेच आले.

संशोधनाचे पैसे बंद होणार म्हणून तू रडलीस, त्यावर मी ‘मग ये परत’ म्हणाले. तसं म्हणायला नको होतं. ड्यूक आणि स्क्रिप्ससारख्या या लसीवर काम करणाऱ्या मोठ्या केंद्रांनाच यापुढे सरकारी निधी नाही म्हटल्यावर तुमच्यासारख्या लहान लॅबने काय करावं, हे मला कळत नाही. सल्लाही देत नाही. एवढंच सांगते की १९८४ ला अमेरिकेच्या आरोग्यमंत्री बाईंनी दोन वर्षांत एड्सवरच्या लसीच्या चाचण्या सुरू होतील म्हणून सांगितलं, तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मधे थायलंडच्या सोळा हजार लोकांवरच्या चाचणीतून जेमतेम ३१ टक्के संरक्षण हाती लागलं, आफ्रिकेतली चाचणी २०२० ला गुंडाळली, मग २०२३ ला आणखी एक. माझी अख्खी नोकरी त्यात गेली. तू एका वर्षाच्या पैशासाठी रात्र रात्र जागू नकोस. जेव वेळेवर. (हा सल्लाच झाला. असू दे.)

२००५ ला भोसरीला तीस धडधाकट लोकांनी चाचणीसाठी आपल्याकडची पहिली एचआयव्हीची लस टोचून घेतली, ते कात्रण अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. टेप पिवळी पडलीय. तू पाचवीत होतीस. वाचून विचारलंस, “यांना पैसे मिळतात का?” पुढे त्या लसीचं काही झालं नाही, पण त्या तीस जणांचं मला अजून नवल वाटतं. मागे तू एका नव्या लसीच्या चाचणीत ३६ पैकी ३५ जणांत पहिली पायरी जमली असं सांगितलंस, तेव्हा मी वॉर्डातल्या जुन्या सिस्टर्सना फोन करून पेढे देते म्हटलं. त्यांना काय कळलं देव जाणे. मला तरी कुठे धड कळलं होतं?

परवा शिंदेबाई म्हणाल्या, आता एचआयव्ही होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय, आफ्रिकेत दोन हजारांवर बायकांनी घेतलं, एकीलाही लागण नाही, मग तुमच्या मुलीची लस कशाला? मी गप्प बसले. मला आमच्या वॉर्डातली, सहा नंबरच्या कॉटवरची एड्स झालेली जतकडची पोर आठवली. नवरा ट्रकवर, तो आधीच गेलेला. हिला कसली शंकाही नव्हती, ती कशाला कुठलं इंजेक्शन मागायला जाईल? लहानपणी सगळ्यांबरोबर लस टोचून झाली असती तर गोष्ट वेगळी. तिची ताटली वॉर्डबॉय पायाने सरकवायचा. ती मला फक्त वेणी घालायला सांगायची. केस मुठीत मावायचे नाहीत आधी. पुढे पुढे दोन बोटांत यायला लागले. सरकारची एचआयव्हीची फुकट औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. ही गेली त्र्याण्णवला.

तू माझ्यापासून लपवलंस म्हणून मी चिडले. आता हे ऐक. १९९६ ला रात्रपाळीत सुईला टोपण घालताना मलाही टोचली होती. तुझ्यासारख्या गोळ्या तेव्हा आमच्यापर्यंत कुठल्या यायला! नळाखाली बोट धरलं आणि सकाळपर्यंत ड्यूटी केली. तू दीड वर्षाची, अजून अंगावर पीत होतीस. घरी येऊन कडुनिंबाचा पाला वाटला आणि छातीला लावला. तू तोंड लावलंस, थुंकलंस आणि माझ्याकडे असं बघितलंस की काय सांगू. आजी म्हणाल्या, बरं झालं, सुटली एकदाची. तीन महिन्यांनी मावशीकडे जाते म्हणून पुण्याला जाऊन रक्त तपासलं. काही निघालं नाही. तोवर तुला मांडीवर घेतानाही मी बोट मुठीत धरायची.

म्हणून म्हणते, २४ तारीख. रिपोर्ट आला की थेट फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी चालेल. मेसेज नको. माझा फोन बाबाच उघडतात, आणि त्यांना अजून कडुनिंबाचंही माहीत नाही.

तुझी,
आई