अ‍ॅडम स्मिथवर अन्याय

रविवारच्या पुरवणीतील पाश्चात्त्य नीतिविचारावरील लेखात अठराव्या शतकातील स्कॉटिश अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथला ‘स्वार्थाचा प्रेषित’ ठरवले आहे, ते पटले नाही. त्याचे अर्थशास्त्रावरचे गाजलेले पुस्तक ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६चे. त्याच्या १७ वर्षे आधी, ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत असताना, त्याने ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ लिहिले. त्यातले एक उदाहरण विसरता येत नाही. उद्या आपली करंगळी कापली जाणार असे कळले तर माणसाला रात्रभर झोप लागणार नाही. पण दूर चीनमध्ये भूकंपात कोट्यवधी माणसे गाडली गेली तरी तो खुशाल घोरेल. मात्र करंगळी वाचवायला त्या सगळ्यांचा बळी देशील का, असे विचारले तर तोच माणूस शहारतो. असे का होते? आपल्या आत बसलेल्या तटस्थ साक्षीदारामुळे, हे स्मिथचे उत्तर. मृत्यूच्या वर्षी, १७९०मध्ये निघालेल्या आवृत्तीत तर त्याने मुद्दाम नवे प्रकरण घातले आणि श्रीमंतांचे कौतुक व गरिबांची हेटाळणी यांमुळे नीतिभावना नासते, असे बजावले. आपले जेवण खाटीक आणि पाववाल्याच्या दयेवर नव्हे, तर त्यांच्या स्वहितावर अवलंबून असते, हे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधले एक वाक्य उचलून अशा विचारवंताला निकालात काढू नये. लेखकाने पुढील लेखात या ग्रंथाची दखल जरूर घ्यावी.

– एक वाचक, सांगली