तुझा निळा रंग निघत नाही

डोंबिवली,
रविवार रात्र

प्रिय कुंदा,

तू १९७८ साली माझ्या आजीच्या पाळण्याला फासलेला निळा ऑइलपेंट निघत नाहीये. हे दुसऱ्या कुणाला सांगून काही कळणार नाही म्हणून तुला लिहितेय. बाकी ठीक. साखर आहे तेवढीच, ह्यांचं प्रेशरही आहे तिथेच. प्रसादच्या वास्तुशांतीला आले नाही आणि नंतर फोनही केला नाही, त्याचं भांडण राखून ठेव. ते समोरासमोर करू, पत्रातून तुला नीट ओरडता येणार नाही.

दादाने सावंतवाडीचं घर आवरलं तेव्हा पाळणा माळ्यावरून खाली आला आणि टेम्पोने थेट माझ्या दारात. मीनूचे दिवस मार्गशीर्षात भरतात. तिनेच मागे म्हटलं होतं, 'आई, मला पणजीचाच पाळणा हवा.' मी म्हटलं, आण, आपल्याकडे मशीन आहे.

मशीन म्हणजे तेच गं, लाकूड घासायचं हातात मावणारं सँडर, ह्यांनी साठीला दिलेलं. तू बघून 'दाढी करतेस की काय' म्हणाली होतीस. हसलीस, पण माझी सगळी भातुकली त्याच्यावर उभी आहे. अंगठ्याएवढा पोळपाट, त्याला तीन पाय, जवसाएवढ्या खुंट्यांचं जातं; हे हाताने घासायला गेलं की बोटंच मध्ये येतात. याचं टोक टिकलीच्या पाकिटाएवढं, खाली वेल्क्रो, त्यावर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवायचा. दाबायचं अजिबात नाही, नुसतं टेकवायचं. दाबलं की पेपर तापतो, लाकूड काळपट पडतं आणि पोळपाटाच्या कडा वाटोळ्या होऊन तो बिस्किटासारखा दिसायला लागतो. पेपरचे नंबर १२०, १८०, २४०, ३२० असं जाडाकडून बारकाकडे पायरीपायरीने जायचं. मधली पायरी गाळली की आधीचे चरे पॉलिश लावल्यावरच वर येतात, आधी दिसत नाहीत, हा त्यातला खरा दुष्टपणा. वस्तू फार लहान असेल तर तीच दुहेरी टेपने फळीवर चिकटवायची, नाहीतर ती उडून थेट शेजारच्यांच्या गॅलरीत. सागाचं तेल पेपरात बसून तो गुळगुळीत होतो, तर तो साफ करायला ह्यांच्या जुन्या बुटाचा क्रेप सोल घासते. म्हणजे चालू मशीन सोलवर टेकवायचं. हे बघून हे म्हणाले, 'चांभारकी पण सुरू केलीस?' त्यांना उत्तर देत नाही. एकदा वर्तमानपत्रात वाचून दाखवलं त्यांनी की लाकडाचा भुसा कॅन्सरकारक यादीत आहे, १९९५ पासून. तेव्हापासून करोनाचे उरलेले एन-९५ लावते. त्यांना वाटलं मी बंद करीन.

तर मला वाटलं, एवढ्या बारीक कामाला बसलेला हात, पाळणा म्हणजे काय मोठंसं. शिवाय एक पंचाईत आधीच झाली होती. रिकामा पाळणा हलवू नये हे तुला माहीत आहे, पण मशीन टेकवलं की तो आपोआप झुलायला लागतो. समोरच्या काकूंनी दारातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी आत जाऊन पाट्याचा वरवंटा आणला, टॉवेलात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. आता जो येतो तो आधी विचारतो, 'झालं का बारसं?' जावयाने तर त्याचा फोटो काढून मीनूला पाठवला.

जावयाचीच सगळी ही करणी. अमेरिकेहून येताना त्याने रंगातलं शिसं तपासायच्या कांड्या आणल्या. चाकूने तिरका छेद घेऊन सगळे थर उघडे करायचे आणि कांडी घासायची. लाल झाली की शिसं. आपल्याकडे सगळे थर आहेत. वरचा पांढरा दादाच्या मुलांच्या वेळचा, खालचा गुलाबी मीनूच्या वेळचा, त्याखाली तुझा निळा. पांढऱ्यावर काही नाही. गुलाबीवर कांडी गुलाबी झाली. आता हे शिसं की रंगच लागला, सांग! आम्ही तिघंजण ट्यूबलाइटखाली कांडी धरून कोर्टात बसल्यासारखे. निळ्यावर मात्र वादच नाही, कुंकवासारखी लाल.

म्हणजे कुंदाबाई, तुमच्या निळ्यात शिसं आहे. जावई म्हणतो, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ सालीच बंदी आली. नेमकं तेच साल बघ, तिकडे त्यांनी डबे बंद केले आणि इकडे तू उघडलास. आपल्याकडे नियम झाला २०१६ मध्ये आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. आता दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. तोवर आपण शिशातच वाढलो म्हणायचं. मारुतीचा शेंदूर तरी काय, शिशाचाच ना. पण मारुतीला कुणी चाटत नव्हतं, आणि पाळण्याची दांडी तर सगळ्यात आधी तोंडात जाते. तू तुझ्या भावाला आठव, दात येत होते तेव्हा.

रंग नुसता बसून राहिला तर एवढं भय नाही, भय त्याच्या धुळीचं. म्हणजे ज्या मशीनच्या जोरावर मी पाळणा मागवला तेच इथे लावायचं नाही. त्याला आहे ती धूळ धरायची पिशवी बटव्याएवढी, बारीक धूळ तिच्यातून सरळ पार. खालच्या मजल्यावर दोन वर्षांचं पोर, गॅलरीत त्याच्या लंगोट्या वाळत. मशीन डब्यात ठेवलं. ओल्या वॉटर पेपरने हाताने घासायचं, खाली प्लास्टिक, झाडू मारायचा नाही, फडकं ओलं करून टिपायचं. या चालीने एक दांडी होईपर्यंत नातू मुंजीला येईल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यासाठी पत्र.

वरच्या बोंडाजवळ घासताना निळ्याचा एक टवका आपोआप सुटला. खाली आजीच्या वेळची रंगीत लाख, दांडीवर चढवलेली. लाल, पिवळा, हिरवा, आणि मधे ती केसाएवढी काळी रेघ. अगं, जशीच्या तशी. झगझगीत. आठवतं का तुला, तू काय म्हणून रंग लावला होतास? पावसाळ्याने लाख पांढरी पडतेय, बुरा आल्यासारखी दिसते, बारशाला लोक येतील. आणि आजी बाजारातून आली आणि दारातच उभी राहिली. 'ह्या काय केलंस गो? लाखेक रंग कोण लावता?' चतुर्थीपर्यंत तुला उंबरा ओलांडायला बंदी. मोदकालाही नाही बोलावलं. मी तुला पानातून खिडकीतून दिले ते तू अजून मान्य करत नाहीस, तू म्हणतेस तुझ्या आईने केले होते. माझेच होते ते.

तर ऐक, तुझ्या रंगाखाली ओल शिरली नाही म्हणून लाख वाचली. उघड्यावरच्या दोन दांड्या, जिथे तुझा हात पोचला नव्हता, तिथे लाख पांढरट होऊन पोपडे आलेत. आजी असती तरी तिने हे कबूल केलं नसतं, आणि मीही करत नाहीये, नोंद करतेय. तू लावलास तो रंग बघवत नव्हताच.

आता हा निळा काढायचा कसा, की खालची लाख राहील? इथे अडलंय. मशीन नाही, शिशामुळे. आणि शिसं नसतं तरी नाही, कारण लाख ७०-८० अंशांच्या आसपास वितळते. तुझ्या काकांच्या पडवीत बसून आपण बघायचो ना, लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घासून घासूनच ती तापून पातळ होते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी. मी मशीन लावलं तर तेच उलटं होईल, तापलेली लाख पेपरावर येऊन बसेल आणि दांडी बोडकी. रंग काढायचं केमिकल लावावं तर ते निळ्याबरोबर लाखही खातं. स्पिरिटने तर ती विरघळतेच. उरलं पाणी आणि बोट.

शिवाय गोल दांडीला सपाट टोक टेकवलं की तिला पैलू पडतात, हे भातुकलीच्या लाटण्यांवर शिकले आहे. तिथे मशीनपेक्षा एमरी कापडाची पट्टी बरी, दांडीभोवती फिरवून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. पण तेही लाखेवर नाही. हे सगळं मी मीनूला फोनवर सांगितलं. अर्धा तास. ती म्हणाली, 'आई, सगळंच काढून टाक ना. वूड फिनिश छान दिसतं. नाहीतर मी कॉट मागवते.'

कॉट! मी फोन ह्यांच्या हातात दिला.

रात्री झोप लागेना तेव्हा आणखी एक आठवलं, आणि तिथून माझी ही चिंता दोन्ही बाजूंनी पेटली. तुझे काका सांगायचे, जुने कातारी, लेथवर लाकूड कातणारे, पिवळ्यासाठी लाखेत हरताळ घालायचे आणि लालसाठी हिंगूळ. हरताळ म्हणजे सोमलाचा, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा. मग आजीच्या पिवळ्यात काय आहे? ती कांडी फक्त शिसं सांगते, बाकीच्याला मुकी. म्हणजे मी तुझं विष खरवडून काढायचं आणि खालचं आजीचं विष कौतुकाने नातवाच्या तोंडात द्यायचं? तुमच्या दोघींचं भांडण एवढी वर्षं चाललं आणि दोघी एकाच माळेचे मणी निघालात. मला हसूही आलं. हे घोरत होते, कुणाला सांगणार.

मी तीनदा ठरवलं की देऊच नये पाळणा. मग सकाळी चहा घेता घेता परत त्याच्यापाशी जाऊन बसते. चौकट भक्कम आहे. आजी म्हणायची शिवणीची, इथला सुतार म्हणतो आंब्याची. तू 'फणसाची' म्हणून तिसरं मत देऊ नकोस. चौकटीला लाख कधीच नव्हती, नुसते रंगाचे थर. ते ओलं घासून काढता येतील, आणि एकदा खाली कोरं लाकूड लागलं, सगळं धुऊन-पुसून झालं, की मग माझं मशीन. कोपरे, खाचा, जिथे दांडीचं टोक बसतं ती भोकं, हे त्याच्याशिवाय होणारच नाही. प्रश्न फक्त दांड्यांचा.

म्हणून तुला काम सांगतेय. चितारआळीत जा. तुझ्या काकांच्या मागे त्या लेथवर कोण बसतं ते मला माहीत नाही, पण कुणीतरी बसत असेलच. नमुना दाखवून अशाच दांड्या नव्या कातून मिळतील का विचार. त्यावर साधी लाख, कसलाही रंग न घातलेली, फार तर हळदीची एक रेघ. साधी लाख पोटात गेली तरी काही होत नाही, औषधाच्या गोळ्यांवरही तीच असते. लाकूड कुठलं वापरतील ते विचार, आणि किंमत विचारताना तू बोलू नकोस, बाळूला बोलू दे. तू आधी जास्त सांगतेस आणि मग त्यांनाच दया दाखवतेस.

जुन्या दांड्यांचं काय करायचं ते तू सांग. मला वाटतं त्या तशाच ठेवाव्यात, निळ्यासकट, एक टवका उडालेली तेवढी उघडी. भिंतीवर, पोरांच्या हाताला न लागेलशा उंचीवर. पण रंग तुझा आहे. तू म्हणालीस काढ, तर बसेन वॉटर पेपर घेऊन, नातू मुंजीला आला तरी. मीनूला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला फक्त 'मार्गशीर्षापर्यंत होईल' एवढं सांगितलंय.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. प्रसादची बायको नोकरीला लागली म्हणे, अभिनंदन सांग. मांजर सापडलं का?

पुढच्या रविवारी दादा कोकणकन्येने येतोय, त्याच्याबरोबर एक दांडी नमुन्याला पाठवते, पोपडे आलेल्यांपैकी नाही, निळी. प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप मारला आहे. कातारी माप घेताना तिला कानस किंवा पेपर लावायला देऊ नकोस, नुसता कॅलिपर. आणि घरी आणलीस तर हात साबणाने धुऊन मगच मासे साफ करायला बस.

तुझी,
सुलू