ग्रामपंचायतीतला लाल दिवा

महोदय,

भारतनेट या ग्रामपंचायतींना इंटरनेट जोडणाऱ्या सरकारी योजनेची केबल ग्रामपंचायतीत आली म्हणजे गावात इंटरनेट आले, असे होत नाही. तालुक्याहून येणारी फायबर, म्हणजे प्रकाशातून सिग्नल वाहणारी काचेची तार, पंचायतीतल्या ओएनटी पेटीत (या प्रकाशाचे इंटरनेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रात) संपते. पेटीवर ‘लॉस’चा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला, की प्रकाश पोचत नाही. बहुतेक वेळा रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली असते. जोडणी घाईत केली की दुसरे दुखणे सुरू. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये (दोन टोकांच्या जोडात) सिग्नलची साधारण ०.१ डेसिबलपर्यंत घट होते. धुळकट, वेड्यावाकड्या कापलेल्या टोकांत कितीतरी जास्त. सिग्नल उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप) खाली घसरला की लाइन सारखी ये-जा करते आणि दोष मात्र राउटरला दिला जातो! म्हणून दुरुस्तीनंतर ही ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरचे रीडिंग पंचायतीच्या नोंदवहीत लिहून घ्यावे.

वीज गेल्यावर १५ वॅटची पेटी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मी वापरूनही १५ तास चालवते. पण बॅटरीची देखभाल करायची कुणी, हे कुठेच ठरलेले नसते.

खोदाईपूर्वी कळवण्यासाठी २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे. प्रत्येक कार्यादेशात त्याची सक्ती करावी आणि केबल तुटल्यास दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापावा.

– ग्रामीण फायबर जोडणीचे तंत्रज्ञ