धरणाची चावी शेवटची कधी फिरली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पालिकेच्या पाणीखात्यात एकोणतीस वर्षं चावीवाला होतो, आता रिटायर होऊन कांजूरमार्गला राहतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून लांब चावीने वॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे चावीवाला, तो येऊन गेला की तुमच्या चाळीत पाणी येतं. पण हे पत्र मुंबईच्या पाण्याचं नाही. कोकणातल्या माझ्या गावी एक छोटं मातीचं धरण आहे त्याबद्दल लिहायचंय, आणि मे महिना चालू आहे, मृग तोंडावर आलाय, म्हणून जरा घाईनेच लिहितोय.

धरण म्हणजे दोन डोंगरांच्या मधे पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, घातलेला मातीचा बांध, आतल्या अंगाला दगडाचं पिचिंग म्हणजे दगडांचा थर, एका कडेला जादा पाणी वाहून जायला सांडवा, आणि पायथ्याला पाणी सोडायची मोरी. उंची कागदावर साडेनऊ मीटर. खाली तीन वाड्या, शाळा आणि देऊळ. आमच्या वडिलांच्या पिढीने यासाठी भाताची शेतं दिली, वायंगणी म्हणजे उन्हाळी भात होईल, कुळीथ-पावट्याला पाणी मिळेल या आशेवर. पहिली काही वर्षं ते झालंही, मी स्वतः फेब्रुवारीत हिरवं शेत बघितलंय.

गेल्या जुलैत गावी गेलो तेव्हा सवयीने मोरीच्या विहिरीवर चढून चावीला हात घातला. हललीसुद्धा नाही. स्पिंडल, म्हणजे वॉल्व्ह फिरवायचा दांडा, पूर्ण गंजलेला, आटे खाल्लेले, वॉल्व्ह अर्धा उघडा राहून तसाच जाम झालेला. भावकीतल्या कोणालाही आठवेना शेवटची कधी फिरवली ते. पूर्वी एक चौकीदार होता तो रिटायर झाला, त्याच्या जागी माणूस आला नाही, चावी फिरवायचं काम आता कोणाकडे आहे हेच गावात कोणाला माहीत नाही. माझा पहिला मुकादम आम्हाला सांगायचा, रोज लागो न लागो, प्रत्येक वॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचा, ग्रीस भरायचं, ग्लँडची डोरी (दांड्याभोवतून पाणी गळू नये म्हणून गुंडाळलेली) बघायची, नाहीतर ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी तो तुम्हाला दगा देणार. ते त्या दिवशी आठवलं आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला.

कारण त्या एका वॉल्व्हवर दोन्ही गोष्टी आहेत. तो अर्धा उघडा म्हणून सांडवा थांबला की दिवाळीपासून रात्रंदिवस पाणी पऱ्यातून वाहून जातं, कोणाच्या शेताला धड लागत नाही, होळीपर्यंत धरणात चिखल उरतो आणि एप्रिलमधे ज्या गावात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो त्याच गावात टँकर येतो, बायका हंडे घेऊन रस्त्यावर. आणि तोच पूर्ण उघडता येत नाही म्हणून पावसात बांधाला काही झालंच तर पाणी उतरवायला हातात काहीच नाही. छोट्या मोरीने एका रात्रीत धरण रिकामं होत नाही हे मलाही कळतं, पण जूनपासून उघडी ठेवली तर पाणी चढायला वेळ लागतो, तेवढ्यात बांध बघून होतो.

आता बांधाचं. मातीचं धरण थोडं पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आत काळ्या मातीचा गाभा आणि पायथ्याला दगडाचा निचरा त्यासाठीच दिलेला असतो. बघायचं ते दोन गोष्टींकडे, धार वाढते का आणि पाण्याला रंग येतो का. स्वच्छ पाणी येतंय तोवर फक्त पाणी येतंय, गढूळ झालं की त्याच्याबरोबर धरणाची आतली माती बाहेर येतेय, आत नळीसारखं बीळ पडत जातं आणि मग वरून खचतं. मी पायथ्याच्या धारेखाली काचेचा ग्लास धरला. पहिल्या दिवशी स्वच्छ. रात्रभर धो धो पडल्यावर दुसऱ्या सकाळी ग्लासच्या तळाला बोटाच्या पेराएवढी लाल माती बसली. चुलतभाऊ म्हणाला, दादा ते दरवर्षीचंच आहे, पावसाचं वरून ओघळत असेल. असेलही, मी इंजिनिअर नाही. पण दरवर्षीचंच आहे की यंदा वाढलंय हे सांगायला कोणाकडे कुठे नोंद आहे? बांधावर आकेशियाची झाडं माझ्या मांडीएवढी जाड झालीत, उद्या मेली की त्यांची कुजलेली मुळं म्हणजे पाण्याला आयती वाट. आणि झाडोऱ्यामुळे खालचा उतार दिसतच नाही, पाझर कुठे आहे ते कोण बघणार.

यापेक्षाही मला ज्याची जास्त भीती वाटली ते सांडव्यावर बघितलं. पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून पोरांनी सांडव्याच्या तोंडावर मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्या रचल्यात, चांगल्या दोन-अडीच फूट. हेतू वाईट नाही हो, वॉल्व्हमधून जाणारं पाणी त्यांना थांबवता येत नाही म्हणून वरून थांबवतायत. पण सांडवा आणि बांधाचा माथा यात जी उंची सोडलेली असते ती मोठ्या पुरासाठी असते, ती आपण गोण्यांनी खाल्ली तर अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून जाणार, आणि काँक्रीटवरून पाणी गेलं तर एकवेळ चालतं, मातीवरून गेलं की माती कापत कापत जातं, तास-दोन तासात खेळ संपतो. गोण्या आम्ही त्याच दुपारी काढल्या, पोरांनीच काढल्या, समजावल्यावर कोणी वाद घातला नाही. मी मुंबईला परत आलो, पुढे परत लावल्या की नाही देव जाणे.

तिवऱ्याची आठवण सगळ्यांना आहे. २ जुलै २०१९, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री जेवणाच्या वेळेला फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळती आहे असं तिथले लोक आधीपासून सांगत होते. नंतर खेकड्यांवरून राज्यभर चर्चा झाली. खेकडे बीळ करतात, खोटं नाही, घुशीही करतात, पण रोज बांधावर चालणारा माणूस असेल तर बीळ दिसतं आणि बुजवलं जातं. त्याच्या आधी १२ जुलै १९६१ चं पानशेत, मातीचंच धरण, काम पुरतं झालेलं नसताना पाणी भरलं आणि पाणी सोडायच्या मोरीजवळची माती खचत गेली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली तरी सकाळी गेलंच, खालचं खडकवासला गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. मोरी हा मातीच्या धरणाचा कच्चा भाग आहे हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

आणि उलटं उदाहरणही आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. ऑगस्ट २०२२ मधे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाला गळती लागली. बांधकामाबद्दल जे काही प्रश्न असतील ते असोत, पण गळती दिसल्यावर खालची अठरा गावं रिकामी केली, कडेने चर खोदून पाणी बाहेर काढलं आणि एकही माणूस दगावला नाही. म्हणजे वेळेत बघितलं तर वाचवता येतं.

गावाहून आल्यावर मी फोटो जोडून अर्ज दिला, दोन ठिकाणी दिला, एकीकडे पोचपावती मिळाली, दुसरीकडे साहेब साईटवर आहेत एवढंच. दहा महिने झाले. दरम्यान एका माहितगाराने समजावलं की २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना लागू आहे, दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटींवर, आमचं साडेनऊ. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, त्यांची तपासणी व्हायलाच हवी, पण मग साडेनऊ मीटर पाण्याखाली झोपणाऱ्या वाडीचं काय? पाणी मीटर मोजून येत नाही.

मला मोठा निधी नकोय. प्रत्येक छोट्या धरणावर जून ते ऑक्टोबर गावातलाच एक माणूस मानधनावर ठेवा. सकाळ-संध्याकाळ बांधावरून चालायचं, पाण्याची पातळी, धार किती आणि रंग कसा ते वहीत लिहायचं, ती वही ग्रामपंचायतीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. धार गढूळ झाली की कोणाला फोन करायचा त्याचा एक नंबर भिंतीवर रंगवायचा आणि तो उचलणारा माणूस रात्रीही जागा पाहिजे. वाडी कुठे हलवायची ते आधी ठरलेलं असावं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वॉल्व्ह पूर्ण फिरवून सही करायची. हिवाळ्यात पाणी कधी आणि कोणाला किती सोडायचं ते गावाने बसून ठरवावं, पण त्यासाठी आधी चावी फिरायला हवी ना.

येत्या रविवारी लालबागला आमच्या गावकीच्या खोलीत मंडळाची मिटिंग आहे. देवळाच्या सभामंडपाच्या वर्गणीचा विषय आहे, त्याच्याबरोबर मी हा विषय घेणार आहे. माझ्यासारखे आठ-दहा रिटायर लोक आहेत, फिटर आहेत, एक वेल्डर आहे, संबंधित खात्याने लेखी परवानगी आणि एक जबाबदार माणूस दिला तर नवीन स्पिंडल बसवायला आम्ही आमच्या खर्चाने ७ जूनच्या आत गावी जायला तयार आहोत. परवानगीशिवाय हात लावणार नाही, ते बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही. आपल्या पेपरात हे छापून आलं तर बहुतेक कोणीतरी फोन करेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चावीवाला, कांजूरमार्ग, मुंबई