नियम जुना, टप्पा नवा

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात समुपदेशनासाठी तुझ्यासमोर पहिल्यांदाच अख्खं कुटुंब बसणार आहे. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा नीट लिहिते.

कुटुंबं बहुतेक वेळा एकाच माणसाला पुढे करून येतात. ‘हा बोलत नाही’, ‘हिचं अभ्यासात लक्ष नाही.’ त्या माणसाला तपासायला घेण्याआधी विचार, की या घरात अलीकडे कोण आलं आणि कोण गेलं, किंवा जायच्या बेतात आहे? कुटुंबोपचारतज्ज्ञ जे हेली यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं, की कुटुंबाचा प्रवास एखाद्या वळणावर अडला की लक्षण दिसू लागतं. अडतो का, तर टप्पा बदलला तरी माणसं मागच्या टप्प्याचाच नियम आणखी जोराने राबवतात. सहा वर्षांच्या मुलाचं दप्तर रोज उघडून बघणं म्हणजे काळजी. पंधराव्या वर्षी त्याला तीच झडती वाटते, तो दप्तर लपवतो, आणि लपवतोय म्हणून झडती वाढते.

कुटुंबाच्या आयुष्यातल्या टप्प्यांची यादी तुला पाठ असेलच. कुटुंबाच्या अभ्यासक एव्हलिन डुव्हल यांनी १९५७ मध्ये आठ टप्पे सांगितले, ते मुख्यतः थोरल्या मुलाच्या वयावरून. कुटुंबोपचारतज्ज्ञ बेटी कार्टर आणि मोनिका मॅकगोल्ड्रिक यांनी १९८० मध्ये सहा केले: घर सोडणारा तरुण, लग्न, लहान मुलं, किशोरवयीन मुलं, मुलांचं बाहेर पडणं, उतारवय. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांचे टप्पे त्यांनी वेगळे धरले. मला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते: त्या तीन पिढ्या एकत्र बघतात. म्हणूनच चौथा, किशोरवयीन मुलांचा टप्पा इतका जड का जातो ते कळतं. मुलगा मोकळीक मागत असतो, आई-वडील स्वतःच्या कामाचा आणि संसाराचा हिशेब मांडत असतात आणि नेमके तेव्हाच आजी-आजोबा थकायला लागतात. मुलाची तक्रार घेऊन आलेल्यांना आजीची तब्येत विचारायला संकोचू नकोस.

हे सगळं जेनोग्रामवर, म्हणजे कुटुंबाच्या पिढ्या आणि नाती दाखवणाऱ्या आकृतीवर, उतरव. किमान तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आत वय, वारलेल्यावर फुली, भावंडं डावीकडून थोरल्यापासून. वादाला नागमोडी रेघ, दुराव्याला तुटक. मग कागदाच्या कडेला गेल्या दोन वर्षांतल्या घटना महिन्यांसकट लिही आणि शेजारी तक्रार कधी सुरू झाली तो महिना. दोन्ही तारखा जवळ आल्या तर तिथे थांबून विचार. मात्र पहिल्याच दहा मिनिटांत हा कागद काढू नकोस. आधी तक्रार पुरती ऐक, नाहीतर फॉर्म भरल्यासारखं होतं आणि मुलगा मिटून बसतो.

आता बसण्याकडे बघ. समज, मुलगा आई-वडिलांच्या मधल्या खुर्चीत आहे. तू त्याला काही विचारलंस की उत्तर आई देते, वडील खिडकीबाहेर बघतात. नवरा-बायकोत शब्द वाढायला लागले, की मुलगा पाय आपटतो आणि दोघंही त्याच्यावर घसरतात. भांडण तिथेच थांबतं. कुटुंबोपचारातले मरे बोवेन ज्याला त्रिकोण म्हणतात तो हाच: दोघांमधला ताण वाढला की तिसरा ओढला जातो. इथे त्याच क्षेत्रातले साल्वादोर मिनुचिन यांची रीत उपयोगी पडते. मुलाला कडेच्या खुर्चीत बसव आणि आई-वडिलांना समोरासमोर. ‘रात्री घरी यायची वेळ तुम्ही दोघं ठरवा, माझ्याशी नका बोलू, एकमेकांशी बोला.’ पाच-सात मिनिटं दे. आई मुलाकडे वळली तर हाताने हळूच थांबव. नवख्या समुपदेशकाला ती शांतता सोसत नाही, तो मध्ये बोलतो आणि त्रिकोणाचा तिसरा कोन स्वतःच होतो. मुलाची बाजू घेऊन आईला समजावणं हाही तोच प्रकार.

घरी करायला एकच काम दे, लहान आणि मोजता येईल असं. दप्तर बघणं दोन आठवडे बंद, त्याऐवजी मुलाने रविवारी स्वतः दहा मिनिटं सांगायचं. पहिल्या आठवड्यात बिघडल्यासारखं वाटेल. कुटुंबाची व्यवस्था जुन्या जागी परतायला बघते, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

एका बाबतीत मात्र अजिबात सैल राहू नकोस. मारहाण किंवा धाक असेल तर ‘दोघांचाही वाटा’ ही भाषा वापरायची नाही. प्रत्येकाला वेगळं भेट, आधी सुरक्षितता बघ आणि तुझ्या सुपरवायझरला त्याच दिवशी कळव.

भेट झाली की फोन कर. नावं सांगू नकोस, कागदाचा फोटोही पाठवू नकोस. खुर्च्या कशा होत्या आणि उठताना कोण कोणाशेजारी होतं, एवढंच सांग.

तुझी,
आई